माझ्या कामाचा दाखला द्या : जुन्या कंपनीच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि मनुष्यबळ विभागप्रमुख,
२०१७ ते २०२२ या काळात मी जिथे नोकरी केली ती मालवाहतूक कंपनी,
अंधेरी पूर्व, मुंबई

विषय : कामाचे तपशील असलेला अनुभवाचा दाखला मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही आणि पुढेही लिहिणार नाही. पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला वाचताक्षणी कळेल, कारण माझ्या विनंतीचे मेल तुमच्याकडे पडून आहेत. खासगीत विनवण्या करून झाल्या, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. अंधेरी, लोअर परळ, ऐरोली, बेलापूर इथल्या कितीतरी कचेऱ्यांतून बाहेर पडलेली माणसं याच कागदासाठी अशीच ताटकळत बसली आहेत. त्यांच्यासाठीही हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

मी तुमच्या एक्सपोर्ट ऑपरेशन्स विभागात होते. २०१७ मध्ये रुजू झाले आणि २०२२ मध्ये रीतसर राजीनामा देऊन, नोटीस पिरियड पूर्ण भरून, नो ड्यूजवर सगळ्या विभागांच्या सह्या घेऊन बाहेर पडले. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. निर्यातदाराचा माल कारखान्यातून कधी निघणार, शिपिंग लाइनकडे कुठल्या जहाजावर जागा मिळणार, रिकामा कंटेनर कुठल्या यार्डातून उचलायचा, कस्टम्स ब्रोकर आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, कधी भरणार, कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाची नोंद (व्हीजीएम) वेळेत गेली की नाही, आणि शेवटी कट-ऑफच्या, म्हणजे माल आत घेण्याच्या अंतिम वेळेच्या, आधी ट्रेलर न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत गेला की नाही, या सगळ्याचा मेळ घालायचा. मग बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे मालासाठी जहाज कंपनी देते त्या पावतीचा, मसुदा अक्षरन्‌अक्षर तपासायचा. त्यात मालाचं वर्णन किंवा वजन चुकलं, तर माल परक्या बंदरात अडकतो आणि कंटेनर अडकून राहिल्याच्या दंडाचे (डिटेंशन-डेमरेजचे) आकडे रोज चढत जातात. २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या, शहर थांबलं, पण न्हावा शेवा बंदर चालू होतं. त्या महिन्यांत मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून, रात्री-अपरात्री ट्रान्सपोर्टरना फोन करून मी तुमच्या ग्राहकांचे कंटेनर जहाजावर चढवले. हे काम मला मनापासून आवडतं. आजही याच क्षेत्रात आहे, पुढेही राहायचं आहे.

आता मला कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे गुणांवर उमेदवार निवडणाऱ्या योजनेतून, स्थायी निवासाचा अर्ज करण्याचं निमंत्रण आलं आहे. ते सहज आलेलं नाही. मधली काही वर्षं आईच्या आजारपणात नोकरी नव्हती. त्याच काळात न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकायला लागले. २०२३ पासून कॅनडा फ्रेंच येणाऱ्यांसाठी निमंत्रणांच्या स्वतंत्र फेऱ्या काढतं, पण त्यासाठी ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही बाबतींत कॅनडाच्या भाषा-मोजमापातली सातवी पातळी गाठावी लागते. ती मी गाठली. निमंत्रण मिळाल्यापासून सगळ्या कागदपत्रांसह अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. ती मुदत संपली की निमंत्रण बाद होतं आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. त्या रांगेत वय मोजलं जातं. जोडीदाराशिवाय अर्ज करणाऱ्याला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण असतात, ३५ व्या वर्षी ७७ उरतात, चाळिशीला ५०. भाषेच्या परीक्षेचा निकालही दोनच वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे तुमच्या टेबलावर माझी विनंती जितकी पडून राहते, तितकं माझं इकडे कायमचं कमी होत जातं.

त्यांना हवा असलेला दाखला कसा असावा, हे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट लिहून दिलं आहे. कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल असलेला. त्यात कर्मचाऱ्याचं नाव, सांभाळलेली सगळी पदं, नोकरीच्या तारखा, प्रत्येक पदावरची कामं आणि जबाबदाऱ्या, आठवड्याचे कामाचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ. खाली थेट वरिष्ठाची किंवा मनुष्यबळ अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा. एवढंच. माझी तारीफ करा असं कुणी म्हटलेलं नाही, आणि माझ्या भविष्याची हमीही तुमच्याकडे मागितलेली नाही.

तुम्ही मला निघताना दिलेलं पत्र माझ्यापुढे आहे. तीन ओळी आहेत. मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत 'एक्झिक्युटिव्ह - ऑपरेशन्स' होते आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. हुद्द्याच्या या दोन शब्दांवरून कॅनडातला अधिकारी काय समजणार? त्यांच्याकडे प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी क्रमांक आहे. मालवाहतुकीचं नियोजन आणि समन्वय करणाऱ्यांचा क्रमांक १३२०१, तो तिसऱ्या श्रेणीत येतो आणि या योजनेत चालतो. गोदामात माल पाठवणाऱ्या-उतरवून घेणाऱ्यांचा क्रमांक १४४००, तो चौथ्या श्रेणीत येतो आणि चालत नाही. दोन्हीकडची माणसं आपल्या इथल्या कंपन्यांत 'ऑपरेशन्स' या एकाच नावाखाली बसतात. मी कुठल्या क्रमांकात बसते ते माझ्या हुद्द्यावर ठरत नाही, मी रोज काय करत होते त्यावर ठरतं. आणि ते कागदावर लिहून देऊ शकणारी जगात एकच जागा आहे : तुमची कंपनी.

हेच तुमच्यापर्यंत पोचत नाही असं मला वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगते. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीची नोंद सरकारदरबारी आहे. पीएफच्या पासबुकात तुमच्या आस्थापनेच्या नावाने महिन्या-महिन्याला जमा झालेली रक्कम दिसते. फॉर्म १६ मध्ये पगार दिसतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो खात्यात आलेला दिसतो. मी तिथे होते आणि मला पैसे मिळत होते, इतकं या कागदांवरून कुणालाही सिद्ध करता येईल. मी काय काम केलं, हे मात्र त्यातल्या एकाही कागदावर नाही. मालकाशिवाय ते कुणी लिहून देऊ शकत नाही, आणि मालकाने लिहून दिलं नाही तर ती पाच वर्षं पगाराच्या नोंदीपुरतीच उरतात. हा अनुभव अर्जातून गाळताही येत नाही. मागच्या दहा वर्षांचा सलग हिशेब अर्जदाराला कॅनडाच्या खात्याला द्यावा लागतो. शिवाय कॅनडाबाहेरच्या अनुभवाला एक-दोन वर्षांसाठी वेगळे गुण आणि तीन किंवा जास्त वर्षांसाठी वेगळे गुण असतात. भाषेचे गुण चांगले असतील तर हा फरक २५ गुणांपर्यंत जातो. सध्याच्या नोकरीला मला अजून तीन वर्षं झालेली नाहीत. तुमच्याकडचा अनुभव सिद्ध झाला नाही, तर ज्या गुणांवर निमंत्रण आलं ते गुणच माझ्याकडे राहणार नाहीत आणि अर्ज नामंजूर होईल.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी तुमचं मौन. विनंती केली, आठवण केली, पुन्हा केली. पोच मिळाली ती यंत्राची : 'आपला मेल मिळाला, लवकरच संपर्क करू.' माणसाचं उत्तर आलं नाही. फोन केला की रिसेप्शनवरून सांगितलं जातं, 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत, मेल करा.' प्रत्यक्ष आले तर खाली गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतात आणि वरून निरोप येतो, 'अपॉइंटमेंट नाही.' माझ्या वेळच्या मनुष्यबळ विभागातलं आता कुणी उरलेलं नाही, हे मला मान्य आहे. माणसं बदलतात. पण मी नोकरी कुणा एका मॅडमकडे केली नव्हती, कंपनीकडे केली होती, आणि कंपनी तिथेच आहे.

फोनवर एकदा ऐकू आलं की 'असं पत्र देणं पॉलिसीत बसत नाही.' ती पॉलिसी मला दाखवा, असं मी लेखी मागितलं. ती आलेली नाही. जर खरंच असा नियम असेल तर तो लिहून द्या; तुमच्या लेखी नकाराचाही मला उपयोग आहे. दाखला मिळू शकत नसेल तर कारण सांगणारं पत्र आणि पर्यायी पुरावे जोडता येतात, ते ग्राह्य धरायचे की नाही हे अधिकारी ठरवतो. पण 'मालकाने उत्तरच दिलं नाही' यापेक्षा 'मालकाने या कारणाने नकार दिला' हे त्याच्यापुढे कितीतरी भक्कम ठरतं. तुम्ही मला हो तर म्हणत नाहीच, नाहीसुद्धा म्हणत नाही.

माझे तेव्हाचे मॅनेजर सही करायला तयार होते. माझं काम त्यांनी रोज पाहिलेलं आहे. त्यांना सांगण्यात आलं की लेटरहेड मनुष्यबळ विभागाच्या ताब्यात आहे आणि जुन्या कर्मचाऱ्यांना परस्पर काही लिहून देऊ नका. मग त्यांनी स्वतःच्या नावाने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र देण्याची तयारी दाखवली, तर त्यालाही हरकत घेतली गेली. त्यांची नोकरी तुमच्या हातात आहे, म्हणून मी त्यांना पुढे आग्रह केला नाही. खरं बोलायला तयार असलेल्या माणसाला गप्प बसवण्याने कंपनीचं काय राखलं गेलं, ते मला समजलेलं नाही.

आणखी एक, जे मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांत होतं आणि ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा केला की त्याच संध्याकाळी मेल बंद होतो आणि पगाराच्या पोर्टलचा पासवर्ड चालेनासा होतो. पगाराच्या स्लिपा, अप्रेजलचे कागद, वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या जबाबदाऱ्यांचा तक्ता, बढतीचं पत्र, सगळं त्या पोर्टलवर होतं. कंपनीची माहिती सुरक्षित राहावी हे बरोबरच आहे. पण माझी स्लिप ही कंपनीची गुप्त माहिती नव्हे. ग्राहकांचे दर, कंत्राटं तुमच्याकडे ठेवा. माझ्या कामाचे आणि पगाराचे कागद मला परत मागण्याची वेळ का यावी?

आणि तुम्ही नवा माणूस घेताना काय करता? आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, अनुभवाचा दाखला, हे सगळं आणल्याशिवाय त्याला रुजू करून घेत नाही. पडताळणी करणाऱ्या एजन्सीमार्फत त्याच्या जुन्या मालकाला प्रश्न पाठवता आणि उत्तर न आल्यास त्या उमेदवारालाच धारेवर धरता. मलाही २०१७ मध्ये याच सगळ्यातून जावं लागलं होतं. ज्या कागदावर तुमची भरती चालते, तोच कागद द्यायची वेळ आली की तो तुम्हाला नकोसा का होतो?

कुणीतरी असंही बोललं म्हणे, की देश सोडून चाललेल्यांसाठी कंपनीने वेळ कशाला घालवायचा. मी कुठे राहावं हा माझा आणि माझ्या घरच्यांचा प्रश्न आहे. पुण्यात नोकरी घेतली असती तरी मी हाच दाखला मागितला असता.

या मौनाचा फायदा कोणाला होतो, हेही सांगते. अशा पत्रांचा धंदा करणारे लोक आहेत. लेटरहेड, शिक्का, सही, फोन केला तर पलीकडून 'हो, त्या आमच्याकडे होत्या' असं सांगणारा माणूस, सगळं ते पुरवतात. मलाही असं सुचवलं गेलं, आणि सुचवणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं, 'काम तर तुम्ही खरंच केलंय, फक्त कागद आमचा.' मी नकार दिला. कॅनडाच्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे खोटा कागद सापडला तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, हे एक कारण. दुसरं असं की पाच वर्षं प्रामाणिकपणे केलेल्या कामाला खोटा शिक्का मारून घेणं मला अपमानास्पद वाटतं. पण माझ्यासारखी कोंडी झालेला प्रत्येक जण नकार देईलच असं नाही. खरं काम केलेल्या माणसाला खोट्या कागदापर्यंत ढकलण्यात कंपन्यांच्या गप्प बसण्याचा मोठा वाटा आहे, हे तुम्हाला मान्य करावं लागेल.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. या शहराने हे सगळं एकदा पाहिलेलं आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या पुढे बंद पडत गेल्या, आणि मग गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत नाव लावायचं तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होतो याचा पुरावा द्या असं कामगारांना सांगण्यात आलं. तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्रक, सर्व्हिस सर्टिफिकेट, कामगार विम्याचा (ईएसआयसीचा) नंबर. ज्यांच्या घरी ट्रंकेत ते कागद राहिले ते पात्र ठरले. ज्यांचे गेले, त्यांच्या वारसांना आयुष्यभराचं काम पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत फिरावं लागलं. आमच्याकडे आजोबांचा लाल पास आजीने जपून ठेवला होता. निदान त्यांना गिरणीने हातात द्यायला एक पास तरी होता. आम्हाला दिलेलं सगळं पासवर्डच्या आड असतं.

कायद्याचा आधारही पाहिला. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, कायम कामगाराला सेवा संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. पण ती तरतूद कामगारांपुरती, आणि त्या प्रमाणपत्रात कामाचे तपशील असावेत असं तिथे म्हटलेलं नाही. ऑफिसात बसून काम करणारे आम्ही बहुतेक जण त्या व्याख्येच्या कडेला किंवा बाहेर पडतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं, ही चांगली गोष्ट झाली. आत येतानाचा कागद सक्तीचा असेल, तर बाहेर पडतानाचाही असायला हवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात बसणाऱ्या राज्याच्या कामगार आयुक्तांनाही म्हणून मी ही विनंती करते : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या नियमांत, नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला पदं, तारखा, कामं, तास आणि पगार यांचा दाखला ठरावीक मुदतीत देण्याची तरतूद घाला. मागणाऱ्याला कारण विचारू नका.

तुमच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

वर सांगितलेल्या तपशिलांसह दाखला माझ्या अर्जाची मुदत संपण्याआधी द्या. मसुदा मी करून पाठवलेला आहे, त्यातली प्रत्येक ओळ तुमच्या नोंदींशी ताडून पाहा, जे चुकीचं वाटेल ते खोडा, जे खरं आहे त्यावर सही करा. तासाभराचं काम आहे.

ते शक्य नसेल तर कारणासह लेखी नकार द्या, आणि तोही मुदतीच्या आत.

माझ्या तेव्हाच्या मॅनेजरना स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र द्यायला हरकत नाही, असं त्यांना लेखी कळवा. त्याचा त्यांच्या नोकरीवर परिणाम होणार नाही, हेही त्याच पत्रात लिहा.

माझ्या पाचही वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, बढतीचं पत्र आणि अप्रेजलचे कागद पीडीएफमध्ये पाठवा.

आणि पुढच्यांसाठी : जुन्या कर्मचाऱ्यांच्या विनंत्यांसाठी एक ईमेल पत्ता ठेवा, ज्याला माणूस उत्तर देतो. पंधरा दिवसांत उत्तर, होकार असो की नकार. नोकरी सोडणाऱ्याचा मेल बंद करण्याआधी त्याचे कागद त्याच्या हातात द्या, आणि रिलीव्हिंग लेटरसोबतच कामाच्या तपशिलांचा दाखला द्यायची पद्धत सुरू करा. त्या दिवशी त्याचा मॅनेजर तिथेच असतो, सगळ्यांना सगळं आठवत असतं. काही वर्षांनी शोधाशोध करण्यापेक्षा ते तुम्हालाही सोपं जाईल.

मसुदा, नियुक्तिपत्राची प्रत, पीएफ पासबुक आणि मुदतीची तारीख आज पुन्हा एकदा तुमच्या मनुष्यबळ विभागाला पाठवली आहे. माझा फोन नंबर तुमच्या नोंदीत आहे तोच आहे.

कळावे,

आपली माजी कर्मचारी,
एक्सपोर्ट ऑपरेशन्स विभाग (२०१७ ते २०२२)
मुलुंड, मुंबई